उत्तर नको, माहिती पुरते का ते सांगा

वाशीम तालुक्यातल्या अनसिंगचा मुलगा असो की पुण्याची मुलगी, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2011 पासून 'सीसॅट' हा कलचाचणीचा पेपर चुकत नाही. 80 प्रश्न, दोन तास. त्यातल्या एका प्रश्नप्रकारात उत्तर काढायचेच नसते; दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढेच ठरवायचे.

समजा, प्रश्न आहे: क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? विधान 1: क्ष² > य². विधान 2: क्ष + य > 0.

पहिले विधान वाचून 'हो' म्हणण्याचा मोह होतो. पण क्ष = −5, य = 3 घेऊन पाहा: 25 हे 9 पेक्षा मोठे, तरी −5 लहानच. दुसरेही एकटे लंगडे. 4 आणि 1 घ्या किंवा 1 आणि 4, बेरीज तीच. दोन्ही एकत्र आली की गाठ सुटते. क्ष² − य² म्हणजे (क्ष − य)(क्ष + य). गुणाकार धन, दुसरा कंस धन, म्हणून पहिलाही धनच.

खरी गंमत पुढे आहे. क्ष म्हणजे अनसिंगच्या एखाद्या शेतातले सोयाबीनचे क्विंटल आणि य म्हणजे तुरीचे, असे प्रश्नातच सांगितले, तर पहिले विधान एकटेच पुरते. उत्पादन ऋण असूच शकत नाही! म्हणून 'धन', 'पूर्णांक' हे शब्द आधी अधोरेखित करावेत.