मुक्या फुलाचं अत्तर

मोगरा, गुलाब, केवडा यांच्यापासून कमीअधिक अत्तर निघतं. युरोपातलं लिली ऑफ द व्हॅली हे फूल मात्र दाद देत नाही. इवल्या पांढऱ्या घंटा मे महिन्यात रानभर घमघमतात, पण ऊर्ध्वपातन करून व्यापाराला पुरेल एवढं तेल काही सुटत नाही. सुगंधकार अशांना 'मुकी फुलं' म्हणतात.

तरीही फ्रान्सच्या 'कोटी' कंपनीनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच फुलाच्या नावानं 'म्युगे दे ब्वा' हे अत्तर आणलं. सुगंधकार होते आंरी रोबेर. ओल्या पानांचा हिरवट वास, त्याखाली साबणासारखा स्वच्छ, गोडसर फुलवास. अनेक दशकं खपून ते बंद झालं आणि आज जुन्या बाटल्यांतच उरलं आहे.

फुलाशिवाय फुलाचा वास आणायचा तर मदार प्रयोगशाळेवर. त्या काळी अशा अत्तरांचा कणा होता हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल. गवती चहाच्या भाऊबंदांपैकी सिट्रोनेला गवताच्या तेलात सिट्रोनेलाल असतं. त्याला लिंबासारखा उग्र वास. त्याच्या रेणूत पाण्याचा एक रेणू जोडला, की उग्रपणा जाऊन मऊ फुलवास येतो! १९१२च्या 'केल्क फ्लर' या अत्तरातही हा पदार्थ होता.

१९५६मध्ये याच फुलाच्या वासाचं 'डिओरिसिमो' हे अत्तर घडवणाऱ्या एद्माँ रुदनित्स्का यांनी तर ही फुलं स्वतःच्या बागेत लावली होती. अर्थात बाटलीत उतरवण्यासाठी नव्हे, नुसती हुंगण्यासाठी.

पुढे लिलिअल आणि लायरल ही कृत्रिम सुगंधद्रव्यं आली आणि हा वास साबण-शाम्पूपर्यंत पोचला. पण लायरलनं अनेकांच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ लागली, तर लिलिअल प्रजननाला घातक ठरवलं गेलं. युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांत दोन्हींवर बंदी घातली. लिलिअलवरची १ मार्च २०२२पासून लागू झाली. हौशी मंडळी हळहळली, पण बंदी योग्यच होती.

मग 'म्युगे दे ब्वा'ची जुनी बाटली तरी खरा वास देते का? पूर्णपणे नाही. हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल हे अल्डिहाइड आहे. हवा लागली की त्याचं हळूहळू आम्ल होतं. अत्तरातले सुरुवातीला दरवळणारे लिंबूवर्गीय घटक तर त्याआधीच बिघडतात. त्यामुळे अशी बाटली मिळालीच, तर अत्तर अंगाला लावू नका. कागदी पट्टीवर थेंब टाका, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच हुंगा. बाटली उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा.