घेवड्याच्या वाफ्यात कोळसा

यंदाच्या निधीतला काही भाग साताऱ्याकडच्या घेवडा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ठेवायचा ठरला, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "शेतात कोळसा घालायला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हा खुलासा.

कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा आपल्यापैकी अनेकांनी खाल्ला असेल. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून हे नाव. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घेवडा हे राजम्याच्या जातीचं पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, पण चवळीच्या मानाने तो या कामात जरा आळशीच! गाठी चांगल्या धरायला मुळाशी ओल हवी, हवा हवी आणि स्फुरदही हवं.

तुराट्या, पऱ्हाट्या शेतात नुसत्या पेटवल्या तर हाती राख उरते. त्याच तोंडाशी रुंद अशा खड्ड्यात वरून पेटवून, थरावर राख दिसू लागली की पुढचा थर टाकत गेलं आणि शेवटी पाणी मारून विझवलं, तर कोळसा मिळतो. हाच बायोचार. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी आणि अन्नद्रव्यं टिकून राहतात, आणि तो मातीत शेकडो वर्षं राहू शकतो.

मात्र कोरा कोळसा थेट घालू नये. तो सुरुवातीला नत्र स्वतःच धरून बसतो आणि रोपं पिवळी पडतात. एक पाटी कोळशाचा चुरा चार-पाच पाट्या कंपोस्टमध्ये कालवून, ओलसर ठेवून महिनाभर मुरू द्यावा. लोणचं मुरवतो तसंच!

कोलंबियातल्या घेवड्यावरचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. बायोचारमुळे पिकाने हवेतून घेतलेल्या नत्राचा वाटा ५० टक्क्यांवरून ७२ टक्क्यांपर्यंत गेला. पण ती माती आम्लधर्मी, निकस होती आणि कोळसा भरपूर घातला होता. आपल्याकडची काळी जमीन बहुधा आधीच अल्कधर्मी, आणि कोळसा सामू आणखी वाढवतो. म्हणून आधी माती परीक्षण, मग थोड्या वाफ्यांत प्रयोग, आणि शेजारी बिनकोळशाचा वाफा तुलनेला. निधी मागतोय तो याच क्रमाने खर्च होईल.

इथे बॅकयार्डमध्ये करून बघायचं असेल, तर बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरू नका, त्यांत इतर पदार्थ असतात. साधा लाकडी कोळसा आणा, आणि फोडण्याआधी भिजवा. नाहीतर सगळी धूळ नाकातोंडात जाते.