अळीच्या शिदोरीवर पाखराचा संसार

मुलुंड असो की बोरिवली, खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत कढीपत्ता असेल तर पावसाळ्यात एक पाहुणी हमखास येते. सुरुवातीला ती पानावर पक्ष्याची शीट पडावी तशी, तपकिरी-पांढरी दिसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. काही दिवसांनी कात टाकून ती हिरवीगार होते, आणि फोडणीसाठी पानं तोडायला गेलेला हात दचकून मागे येतो. ही कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराची अळी. तिला काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून तांबडं, दोन टोकांचं, ओलसर शिंग बाहेर येतं. सोबत नाकात बसणारा आंबट-खवट वास सुटतो. धोका टळला की शिंग पुन्हा आत जातं.

या वासाचं रसायन 1960च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयस्नर आणि जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी उलगडलं. याच कुळातल्या एका फुलपाखराच्या अळीचा स्राव त्यांनी तपासला. त्यात आयसोब्युटिरिक आणि 2-मिथाइलब्युटिरिक ही दोन आम्लं निघाली. मेदाम्लांच्या, म्हणजे फॅटी ॲसिडच्या, गोतावळ्यातली ही अगदी छोटी भावंडं. जुन्या तुपाला खवट वास येतो तो ज्या ब्युटिरिक आम्लामुळे, त्याची ही सख्खी चुलत. पुढे जपानमधल्या केइची होंडा यांच्या अभ्यासातून आणखी मजेशीर गोष्ट कळली. लहान वयाच्या अळ्यांच्या स्रावात ही आम्लं नसतात, तिथे वनस्पतींच्या सुगंधी तेलांत असतात तशी टर्पीन रसायनं असतात. शेवटची कात टाकली की कारखाना बदलतो आणि आम्लं तयार होऊ लागतात. मुंग्यांना पळवायला ती चांगलीच उपयोगी पडतात. अळी एकच, पण वय बदललं की तिचं हत्यारही बदलतं.

कीटकाचं आयुष्य असं टप्प्याटप्प्याने चालतं, आणि प्रत्येक टप्प्यावर मेदाम्लं काही ना काही कामाला असतात. आपण कौतुक करतो ते पंखांचं आणि वैतागतो तेही पंखवाल्यांवरच. त्या पंखांमागची सगळी जमवाजमव मात्र अळीपणी झालेली असते.

खाण्याचं वय

अंड्यातून निघालेली कॉमन मॉरमॉनची अळी पाच अवस्थांतून जाते. या काळात तिचं काम एकच, खाणं. पानातली साखर आणि प्रथिनं पचवून ती शरीरभर पसरलेल्या एका पांढुरक्या, लोंबत्या ऊतीत चरबी भरत राहते. या ऊतीला प्राणिशास्त्रात फॅट बॉडी किंवा मेदपिंड म्हणतात. ज्यांनी कधीकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत झुरळ उघडलं असेल त्यांना ती आठवेल. पोटाच्या पाट्या उचलल्या की आधी ही पांढरी भेंडोळीच दिसत, आणि चेतारज्जू शोधायच्या घाईत ब्रशने पाणी मारून ती धुऊन टाकायची पद्धत होती. कचरा समजून बाजूला सारलेली ती ऊती म्हणजे कीटकाचं कोठार आणि यकृत, दोन्ही एकाच ठिकाणी.

साठवण चरबीचीच का? एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर जाळली तर सुमारे 4 किलोकॅलरी मिळतात, चरबीतून 9. शिवाय एक ग्रॅम चरबी शरीरात जळताना एक ग्रॅमहून किंचित जास्तच पाणी तयार होतं. कोषात गेलेल्या जिवाला खायला तोंड नाही आणि प्यायला पाणी नाही. अशा वेळी एकाच पदार्थातून इंधन आणि पाणी दोन्ही मिळणं ही मोठीच सोय. कोषात जुने स्नायू मोडतात, नवे घडतात, पंख, लांब सोंड आणि जननेंद्रियं आकाराला येतात. हा सगळा खर्च अळीने बांधून दिलेल्या शिदोरीतून भागतो.

अळीपण संपवायचं कधी, हे ठरवण्यात ज्युव्हेनाइल हार्मोन या मेदासारख्याच, पाण्यात न विरघळणाऱ्या रसायनाचा मोठा वाटा असतो. ते रक्तात आहे तोवर कात टाकूनही बालपण चालू राहतं. 1956 साली हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्स यांनी एका मोठ्या पतंगाच्या नराच्या पोटातून याचा सोनेरी तेलकट अर्क काढला. काही वर्षांनी प्रागहून कारेल स्लामा त्यांच्याकडे आले, सोबत आपले लाल ढेकूणवर्गीय किडे घेऊन. युरोपात नीट वाढणारे ते किडे अमेरिकेत प्रौढच होईनात. नुसते मोठमोठे बाळ होत आणि मरून जात. कारण सापडलं ते त्यांच्या भांड्यात घातलेल्या कागदात. न्यूयॉर्क टाइम्सच्या तुकड्यांवर ठेवलेले किडे बालपणात अडकत, लंडनच्या टाइम्सवरचे व्यवस्थित मोठे होत. अमेरिकी कागद ज्या बाल्सम फर झाडाचा, त्या झाडातच या हार्मोनची नक्कल करणारं द्रव्य होतं. 1965 साली हे प्रसिद्ध झालं. आज जगभर वापरली जाणारी काही अळीनाशकं याच सूत्रावर बेतलेली आहेत: अळीला मारायचं नाही, मोठं होऊ द्यायचं नाही.

तोंड नसलेला पतंग

शिदोरीवर किती अवलंबून राहता येतं याचा कळस पाहायचा तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातला ॲटलस पतंग पाहावा. पंखांचा पसारा 24 सेंटिमीटरपर्यंत, पण तोंडाचे अवयव निकामी. कोषातून बाहेर आल्यावर तो काहीच खात नाही. एक-दोन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि खेळ संपतो. उडण्यातला प्रत्येक फडफडाट अळीपणच्या चरबीवर.

पतंगाची मादी नराला बोलावते तो गंधही बहुतेक वेळा याच खजिन्यातून येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्यूटेनान्ट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंगांच्या माद्यांपासून असा गंध वेगळा केला आणि 1959 साली जाहीर केला. बॉम्बिकॉल हे त्याचं नाव, आणि मादी तो पामिटिक या अगदी साध्या मेदाम्लापासून बनवते. विदर्भातला कापूस उत्पादक गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतो, तेव्हा त्या सापळ्यातल्या गोळीतला गंधही सोळा कार्बनच्या साखळीचाच असतो. मेदाम्लाच्या साखळीतच थोडी काटछाट करून पतंग असे गंध घडवतात.

फुलपाखरं ॲटलससारखी उपाशी राहत नाहीत, फुलांवर मधुरस पितात. पण मधुरसात साखर भरपूर, चरबी जवळजवळ नाही. काही मेदाम्लं अळीनेच पानांतून आणलेली असावी लागतात. हिरव्या पानांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं. आपण जवसाच्या चटणीतून खातो तेच.

झुरळाला जमतं, आपल्याला नाही

माणसाचं शरीर अनेक मेदाम्लं स्वतः घडवतं. लिनोलेइक आम्ल मात्र त्याला बनवता येत नाही, कारण साखळीतल्या ठरावीक जागी दुहेरी बंध घालणारं विकरच आपल्याकडे नाही. 1929 साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना चरबी पूर्ण तोडलेला आहार दिला, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांसारखी सुटली आणि वाढ खुंटली. अन्नातून घ्यावीच लागणारी मेदाम्लं असतात, हे तेव्हापासून मान्य झालं. आपल्याकडे करडईच्या तेलात लिनोलेइकचं प्रमाण जवळपास तीन चतुर्थांश असतं.

कीटकांनाही हीच अडचण असेल असं धरून चाललं होतं. 1946 साली लंडनमध्ये फ्रेंकेल आणि ब्लूएट यांनी पिठात जाळी धरणाऱ्या पतंगाच्या अळ्या लिनोलेइकविना वाढवल्या. अळ्या जगल्या, पण बाहेर आलेल्या पतंगांच्या पंखांवर खवलेच धड नव्हते. अळीच्या ताटातली उणीव दिसली ती दोन अवस्था ओलांडून, पंखांवर.

मग 1982 साली अमेरिकेत गॅरी ब्लॉमक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही कीटकांना ही अडचण नाहीच. अमेरिकन झुरळ, म्हणजे घाटकोपर-अंधेरीच्या चेंबरमधून रात्री वर येणारं मोठं तांबूस झुरळ, तसंच घरातला रातकिडा आणि वाळवीची एक जात, हे लिनोलेइक आम्ल स्वतः तयार करतात. ज्यासाठी आपण तेलाच्या डब्यावरचं लेबल वाचतो, ते झुरळ पुठ्ठा आणि उष्टं खाऊन बनवतं. झुरळाला कोषावस्था नाही. पिल्लू कात टाकत टाकतच मोठं होतं. त्याच्या चिवटपणाची कारणं बरीच आहेत, त्यात हे एक धरायला हरकत नाही.

वाळवीचंही असंच, कोष नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती जो पंखवाल्या किड्यांचा लोट येतो आणि सकाळी फरशीवर पंखांचा खच दिसतो, ते वाळवीचे भावी राजा-राणी. महिनोन् महिने कामकऱ्यांनी भरवून त्यांना गुबगुबीत केलेलं असतं. म्हणून तर त्या संध्याकाळी पाली आणि कावळे चंगळ करतात. जे जोडपं वाचतं ते जमिनीत बीळ करून स्वतःला कोंडून घेतं. पहिली पिल्लं कामाला लागेपर्यंत त्यांचं पोषण होतं ते आईबापांच्या चरबीवर आणि आता निरुपयोगी झालेल्या उडण्याच्या स्नायूंवर. इथे शिदोरी थेट पुढच्या पिढीच्या तोंडी जाते.

डासाचं ताट

उपनगरवासीयांच्या जिव्हाळ्याचा कीटक म्हणजे डास. 1970च्या दशकाच्या अखेरीला आर. एच. डॅड यांनी क्युलेक्स पिपिएन्स या डासाच्या अळ्यांना मोजूनमापून केलेलं अन्न दिलं. त्यांना ॲराकिडोनिक किंवा तशाच लांब साखळीचं मेदाम्ल मिळालं नाही, तर प्रौढ डास बाहेर येई पण उडू शकत नसे. पाण्यावरच लोळत राही. झुरळ जे जमवतं ते या डासाला जमत नाही. त्याच्या उड्डाणाची परवानगी अळीच्या घासातून येते. आपल्या गटारांतला क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस याचाच जवळचा नातलग. अळीला खायला कमी मिळालं तर डास लहानखुरा निघतो आणि त्याच्यात चरबीही कमी असते.

मुंबईने अळीचं महत्त्व शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाची पाहणी करून 1911 साली अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते विहिरींवर. ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम निघाली. आता विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे, आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी जिने चढून टाकीचं झाकण तपासतात ते याच कारणाने. साचलेल्या पाण्यावर अळीनाशक तेल टाकलं की पृष्ठभागाशी येऊन श्वास घेणारी अळी गुदमरते. संध्याकाळची धुराची गाडी मात्र तेव्हा उडत असलेले डासच मारते. पाण्यातल्या अळ्यांना तिचा पत्ताही नसतो.

फुलपाखरांच्या बाबतीत हाच हिशेब उलट बाजूने मांडावा लागतो. महाराष्ट्राने 2015 साली ब्ल्यू मॉरमॉनला, राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. आवारात रंगीत फुलांचे ताटवे लावले तर फुलपाखरं येऊन रस पिऊन जातात, पण वाढतात तिथे, जिथे अळीची झाडं असतात. त्यासाठी लिंबू हवं, प्लेन टायगरला रुई हवी, रेड पिएरोला पानफुटी हवी. कुंपणालगतच्या खोट्या अशोकावर टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. पानं कुरतडली म्हणून माळीकाकांना सरसकट फवारा मारायला सांगितलं, तर पुढच्या महिन्यातली फुलपाखरं त्याच दिवशी संपलेली असतात.

तेव्हा सोसायटीच्या बैठकीत फवारणीचा ठराव आला की सभासदांनी दोनच प्रश्न विचारावेत: अळ्या नेमक्या कुठे आहेत, आणि त्या कुणाच्या आहेत?