तापीकाठच्या जमिनीतील थर

वखारीचा पाया खणताना आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांनी एक चमत्कार पाहिला असेल. वरची तीन-चार फूट रेताड माती सहज निघते. मग एकाएकी, कोणी दोरी लावून रेघ ओढावी तशी, चिकण माती लागते. "जमीन घट्ट लागली, पाया येथेच ठेवू," असे गवंडी म्हणतो. आमच्या एका स्नेह्यांनी ते ऐकले आणि पहिल्याच पावसाळ्यात वखारीच्या भिंतींना ओल चढून खालच्या थरातील पोती कुजली. ही रेघ पडते कशी, हे म्हणूनच समजून घेणे अगत्याचे आहे.

घरातील मुलांनी काचेच्या बरणीत पाणी व मूठभर नदीकाठची माती घालून ती हलवून ठेवावी. बारीक रेतीचा कण 10 सेंटिमीटर खाली येण्यास मिनिटभरही घेत नाही. चिकण मातीच्या 0.002 मिलिमीटरच्या कणास तेवढ्याच अंतरासाठी सुमारे आठ तास लागतात. महापूर म्हणजे हीच बरणी, फक्त फार मोठी. जोराचा प्रवाह काठावर रेती टाकतो. पाणी ओसरून सखल भागात साचले की चिकण गाळ बसतो. पुढचा जोरदार पूर त्या गाळावर पुन्हा रेती आणून टाकतो. दोन पुरांमध्ये काळाचा खंड असतो, म्हणून थरांची सीमा पुसट न राहता स्पष्ट उमटते. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून 724 किलोमीटर वाहणारी तापी खानदेशातील काळ्या जमिनींचा गाळ बरोबर आणते. 1968 चा व ऑगस्ट 2006 चा पूर ज्यांनी सोसला, त्यांनी घरादुकानांतून तो गाळ स्वतः उपसला आहे. 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यापासून पुष्कळसा गाळ जलाशयातच अडतो, हा भाग वेगळा.

परंतु नदीवाचूनही असे थर बनतात. पावसाचे पाणी वरच्या मातीतील अतिसूक्ष्म कण हळूहळू खाली नेते. ते खालच्या भेगांच्या व छिद्रांच्या भिंतींवर चकचकीत लेपासारखे बसतात. उतारावरून वाहणारे पाणीही वरचे बारीक कण धुऊन नेते आणि जाड रेती मागे ठेवते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या तांबड्या जमिनीत वर रेताड व खाली चिकण माती आढळते. ऑस्ट्रेलियात तर अशा दुहेरी जमिनी फार विस्तृत आहेत. दोन्ही प्रकार ओळखण्याची खूण अशी : वरच्या व खालच्या मातीतील रेतीचे कण एकाच जातीचे असून खाली तो लेप दिसला, तर थर जागीच घडलेले असण्याचा संभव अधिक; कण भिन्न असून थर आलटून पालटून अनेक वेळा येत असतील, तर ते नदीचे काम.

सुरत जिल्ह्याच्या कापसाच्या काळ्या जमिनीत मात्र असे थर सहसा टिकत नाहीत. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत कोसळते आणि पावसाळ्यात ती फुगून सारे घुसळून काढते. ही जमीन स्वतःच स्वतःची नांगरट करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्या वखारीकडे वळू. रेतीतून पाणी झरझर उतरते, चिकण थरापाशी थबकते व उताराच्या दिशेने आडवे सरकते. स्नेह्यांचा पाया नेमका त्या सांध्यावर टेकला होता. चराच्या कडेने भरलेली भुसभुशीत माती पाण्याची टाकीच झाली. उलट रचनेतही, म्हणजे चिकण माती वर व रेती खाली असली तरी, निचरा आपोआप होईल असे समजू नये. चिकण मातीची सूक्ष्म छिद्रे पाणी धरून ठेवतात आणि ती जवळजवळ तुडुंब भरल्याखेरीज खालच्या रेतीस थेंब देत नाहीत. उकाई-काकरापार कालव्यांखालील भारी जमिनीत पाणी साचून क्षार वर येण्याचा जो त्रास शेतकऱ्यांस झाला, त्यातही अडलेल्या निचऱ्याचा मोठा वाटा आहे.

स्नेह्यांनी पुढे चढाच्या बाजूने, त्या सांध्याहून हातभर खोल, खडी भरलेला चर काढून पाणी बाहेर वळविले. भिंती वाळण्यास दोन उन्हाळे लागले.