हातच्याआधी मनातली बेरीज

आठ आणि पाच किती, असे विचारताच पहिलीतील मूल बहुधा बोटे मोजू लागते आणि घरातील मोठी माणसे त्याला टोकतात. बोटांवर मोजणे म्हणजे गणितात कच्चे असणे, हा समज आपल्याकडे रुजलेला आहे. परिणामी मूल बोटे पाठीमागे लपवते. मोजणे मात्र थांबत नाही. वास्तविक बोटे ही मनातल्या बेरजेची पहिली पायरी आहे. मुलाला दटावण्यापेक्षा पुढची पायरी दाखवणे आवश्यक असते.

प्रारंभी मूल आठ खडे, पाच खडे वेगवेगळे मोजते आणि मग सारे एकत्र करून पुन्हा एकपासून मोजते. काही काळाने आठ मनात धरून नऊ, दहा, अकरा असे पुढे मोजता येते, हे त्याच्या ध्यानात येते. 'तीन अधिक नऊ' विचारल्यावर ते नऊपासून सुरुवात करीत असेल, तर क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही, हे त्याला उमगले आहे असे समजावे.

दहाचा टप्पा

यानंतरची झेप महत्त्वाची. नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच या दहा करणाऱ्या जोड्या मुलाच्या ओळखीच्या झाल्या, की मोजण्याची गरज कमी होते. पाचातले दोन आठाला दिले की दहा, उरले तीन, उत्तर तेरा. दुसरी युक्ती दुपटीची. सहा आणि सहा बारा हे ठाऊक असेल, तर सहा आणि सात तेरा हे सांगायला मोजावे लागत नाही.

भाषेची अडचण, भाषेची मदत

दोन अंकी संख्यांत मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण येते. 48 लिहिताना चार आधी येतो, पण 'अठ्ठेचाळीस' म्हणताना आठ. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' असे वाचन आले, ते याच कारणाने. त्यावरून मोठा वाद झाला, विधानसभेतही पडसाद उमटले. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले होते.

मात्र हीच भाषा मदतही करते. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. 29 मध्ये 6 मिळवायचे असतील, तर सहातला एक देऊन तीस पूर्ण करावेत. उरलेले पाच मिळून 35. युक्ती शब्दातच दडलेली आहे.

हातचा केव्हा?

48 आणि 27 यांची उभी मांडणी करताना 'पंधराचे पाच, हातचा एक' असे घोकून घेतले जाते. हा एक म्हणजे दहा, हे न कळलेले मूल कधी सहाशेपंधरा असे उत्तर लिहून मोकळे होते. दोन्ही संख्या पन्नासच्या आत, मग बेरीज शंभराच्या वर कशी, ही शंका त्याला येत नाही. चाळीस आणि वीस साठ, आठ आणि सात पंधरा, एकूण पंचाहत्तर, असा विचार आधी झालेला असेल, तर हातचा म्हणजे काय ते आपोआप कळते. सत्तावीसमधले दोन देऊन 50 आणि 25 असेही करता येते.

पालकांनी एवढेच करावे. उत्तर किती आले, याबरोबर ते कसे काढले, हेही विचारावे. उत्तर बरोबर असले तरी विचारावे. घड्याळ लावून बेरजा करून घेण्याची घाई टाळावी; घाबरलेले मूल पुन्हा बोटांकडे वळते. बाजारात 38 रुपयांची भाजी आणि 25 रुपयांची फळे घेतल्यावर एकूण किती, हे मुलालाच सांगू द्यावे आणि त्याचे सांगून होईपर्यंत थांबावे.