बिगुल खुंटीवर का लटकला?

तुमच्या शाळेत बँडपथक आहे का? असेल, तर 26 जानेवारीच्या सकाळी साइड ड्रमची तडतड सुरू झाली, की पाय आपोआप तालात पडू लागतात, हा अनुभव तुम्ही घेतलेला असणार. कदाचित तुम्ही स्वतःच पथकात असाल. आणि पथकात असाल, तर आणखी एक अनुभव तुमच्या पदरी असेल: मास्तरांनी वाद्य घरी दिलेले असते, "रोज सराव करा" असे बजावलेलेही असते, पण घरी आलेले वाद्य चार दिवसांनी कोपऱ्यात जाऊन बसते.

माझ्या भाच्याचे असेच झाले. तो आठवीत होता. शाळेच्या पथकात त्याला बिगुल मिळाला, तेव्हा स्वारी हवेत होती. भाऊबिजेला बहिणीकडे गेलो, तर बिगुल खुंटीवर लटकलेला! "दादा, आता तूच सांग रे याला," बहीण म्हणाली. "पंधरा दिवस झाले, हात लावलेला नाही. जानेवारीपर्यंत सलामी नीट आली नाही, तर दुसऱ्या मुलाला उभे करीन, असे त्याच्या सरांनी सांगितले आहे."

मी भाच्याला विचारले, "काय रे, कंटाळा आला?"

"वाजवायचा कंटाळा नाही येत, मामा," तो म्हणाला. "न वाजण्याचा येतो."

हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले. सराव न करणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. पण रोज अर्धा तास फुंकूनही त्याच ठिकाणी तोच स्वर घसरत असेल, तर कोणाचेही मन उडेल. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून प्रथम आम्ही दोघांनी शोधून काढायचे ठरवले, की स्वर घसरतो कोठे आणि का?

नळी एक, स्वर पाच

बिगुल नीट पाहा. बासरीला असतात तशी त्याला भोके नाहीत, की पेटीला असतात तशा पट्ट्या नाहीत. आहे ती फक्त एक गुंडाळलेली पितळी किंवा तांब्याची नळी. सरळ केली, तर ती मीटरभराहून जास्त लांब भरेल. मग तिच्यातून वेगवेगळे स्वर निघतात कसे?

वाजवणारा आपले ओठ मिटून माउथपीसवर टेकवतो आणि त्यांच्यामधून हवा फुंकतो. ओठ थरथरू लागतात. ही थरथर नळीतल्या हवेच्या स्तंभाला हलवते. पण हा स्तंभ मोठा चोखंदळ असतो. कोणत्याही वारंवारतेला तो साद देत नाही. काही ठरावीक वारंवारतांनाच देतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला तरच झोका वाढतो ना? तसेच हे. यालाच आपण अनुनाद म्हणतो.

शाळांतून नेहमी आढळणाऱ्या बिगुलाचे वापरात येणारे स्वर सेकंदाला साधारण 233, 350, 466, 583 आणि 700 कंपनांचे असतात. त्यांचे प्रमाण 2 : 3 : 4 : 5 : 6 असे येते. आपल्या भाषेत सांगायचे, तर सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प. एवढ्यावरच बिगुलाच्या साऱ्या सलाम्या आणि इशारे उभे आहेत! रे, म, ध, नी त्याच्या वाट्याला आलेलेच नाहीत.

आता गंमत पाहा. लागोपाठच्या स्वरांतले अंतर प्रत्येक वेळी सुमारे 117 कंपनांचेच आहे. पण ओठांना कळते ते गुणोत्तर. खालच्या सा वरून प वर जाताना कंपने दीडपट करायची असतात. वरच्या ग वरून वरच्या प वर जाताना ती फक्त 1.2 पट करायची असतात. म्हणजे वर जावे तशा पायऱ्या जवळजवळ येतात. ओठांचा ताण किंचित कमी पडला, तर स्वर पायरी चुकतो आणि खालच्या ग वर येऊन बसतो.

भाच्याचा स्वर बरोबर येथेच घसरत होता. हे गणित कागदावर मांडून दाखवताच त्याचा चेहरा खुलला. दोष आपल्यात नाही, ती जागाच अवघड आहे, हे त्याला प्रथमच कळले. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे वाद्य कोणतेही असो, सरावाचे पहिले काम हेच. "मला येत नाही" असे मोघम म्हणू नका. नेमके काय येत नाही, ते शोधा आणि वहीत लिहा.

थोडे, पण रोज

भाच्याची जुनी पद्धत काय होती? आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम दोन तास. तेही सलामी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा. त्यामुळे सोपा भाग दहादा वाजे, अवघड जागाही दहादाच येई आणि दहाही वेळा चुके. म्हणजे त्याचा सराव होत होता तो चुकण्याचा!

शिकण्याची वेळ विभागली, तर लक्षात अधिक राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. पण ते पाठांतराबद्दल होते. हाताच्या कौशल्याचे काय? 1978 साली बॅडले आणि लाँगमन या संशोधकांनी ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना याची परीक्षा घेतली. एका गटाला रोज 1 तास शिकवले, तर एका गटाला रोज 2 तासांची दोन सत्रे, म्हणजे 4 तास. दोन गट यांच्या मधले होते. एकूण तासांचा हिशेब केला, तेव्हा रोज 1 तासवाल्यांनी सर्वांत कमी तासांत कळफलक आत्मसात केल्याचे आढळले.

पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. सर्वांत कमी समाधानी होता, तो हाच रोज 1 तासाचा गट! कारण उघड आहे. दिवसांच्या हिशेबात दुसरे लोक पुढे गेलेले त्यांना दिसत होते. तेव्हा सराव चांगला होत असतानाही "आपले काहीच होत नाही" असे वाटू शकते, हे ध्यानात ठेवा. आपल्या वाटण्यावर विसंबू नका, मोजा.

आम्ही रोज फक्त 15 मिनिटे ठरवली. पहिली 4 मिनिटे एकच स्वर लांब धरायचा. नंतर 5 मिनिटे फक्त ती अवघड जागा, ग आणि वरचा प. त्यानंतर 3 मिनिटे पाचही स्वर उलटसुलट क्रमाने. शेवटची 3 मिनिटे मनाला येईल ते! मध्ये मध्ये ओठांना विसावा हवाच. ओठांभोवतीचा स्नायू लहान असतो आणि लवकर थकतो. थकल्यावर माउथपीस दातांवर दाबून स्वर काढण्याची सवय लागते, ती वाईट.

उलटसुलट क्रम कशासाठी, असे तुम्ही विचाराल. 1979 साली शे आणि मॉर्गन यांनी विद्यार्थ्यांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. काहींना एक पक्की झाल्यावर दुसरी, काहींना तिन्ही मिसळून. शिकत असताना मिसळून शिकणारे मागे होते. पण 10 दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा त्यांनीच बाजी मारली. सरावाच्या वेळी जे सोपे वाटते, तेच पुढे टिकते असे नाही.

दोऱ्याचा तालमास्तर

अवघड जागा प्रथम सावकाश वाजवायची, मग गती वाढवायची. पण सावकाश म्हणजे किती? येथे आपला जुना मित्र लंबक मदतीला येतो. मोबाइलमध्ये ताल देणारी सोय मिळते, हे खरे. पण दोऱ्याला एखादे छोटे कुलूप बांधून दारावरच्या खिळ्याला टांगा आणि स्वतः करून पाहा. टांगल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजायची. झोका लहान ठेवायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की एक ठोका.

मिनिटाला 60 ठोके हवे असतील, तर लांबी 99 सें.मी.
80 ठोक्यांना 56 सें.मी.
100 ठोक्यांना 36 सें.मी.
120 ठोक्यांना 25 सें.मी.

संचलनाची चाल मिनिटाला साधारण 120 पावलांची असते. म्हणजे ठोके दुप्पट करायचे, तर दोरा एक-चतुर्थांश करावा लागतो. असे का, हे लंबकाच्या सूत्रावरून तुम्हीच काढा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. बँडची मुले वर्गाला ताल धरून दाखवतील आणि बाकीची मुले दोरा मोजतील.

भाच्याने नियम केला: ठरलेल्या गतीला जागा लागोपाठ पाच वेळा बिनचूक आली, की दोरा आखूड करायचा. रोज वहीत तारीख आणि ठोके लिहायचे. आता वाढ नुसती "वाटत" नव्हती, तर आकड्यांत दिसत होती.

शेजारी आणि गोधडी

एक अडचण मात्र खरी होती. घर चाळीतले, दोन खोल्यांचे. भिंतीपलीकडे आजारी आजोबा. बिगुल हे वाद्यच मुळी मैदानावर दूरवर ऐकू जावे म्हणून घडवलेले! मग काय करावे?

निम्मा सराव नुसत्या माउथपीसवर करता येतो. बिगुलाचा कर्णा आवाज बाहेर फेकतो. तोच नसला, तर उरते ती भुंग्यासारखी गुणगुण. वर सांगितले तसे स्वर निवडण्याचे काम ओठांचे असते, म्हणून हा सराव मुळीच वाया जात नाही. उरलेला निम्मा बिगुलावर, पण कर्ण्याचे तोंड दोरीवर टाकलेल्या जाड गोधडीकडे करून. मऊ, सच्छिद्र वस्तू तीव्र, कर्कश आवाज चांगला शोषून घेतात. आणि वेळ ठरलेली: सायंकाळी साडेपाच ते पावणेसहा. ती भाच्याने स्वतः जाऊन आजोबांना विचारून ठरवली. ड्रम वाजवणाऱ्यांनी लाकडी फळीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवावा आणि त्यावर काठ्या चालवाव्यात. बासरीवाल्यांना तर न फुंकताही बोटे बसवता येतात.

पठार लागले, तर?

तिसऱ्या आठवड्यानंतर गाडी अडली. 80 ठोक्यांवर आकडा बारा दिवस हलेना. भाचा पुन्हा हिरमुसला. तेव्हा मी त्याला तारायंत्राची गोष्ट सांगितली. 1897 साली अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी तार घेण्याचे काम शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले. आलेख चढत चढत जाई, मग कित्येक आठवडे सपाट राही आणि पुन्हा चढू लागे. त्यांचे म्हणणे असे, की सपाट काळात शिकणारा सुटी अक्षरे ऐकण्याऐवजी पूर्ण शब्द ऐकायला शिकत असतो. प्रत्येकाला असे पठार लागतेच असे नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसले. पण लागले, तर ते शेवट समजू नये. आम्ही चार दिवस गती 70 वर आणली आणि मोबाइलवर वाजवणे ध्वनिमुद्रित करून ऐकले. प वर जाण्याआधी तो श्वास घेतच नव्हता! ते सुधारल्यावर आकडा पुढे सरकला.

बक्षिसाचे काय?

आता दोन शब्द शिक्षक आणि पालकांसाठी. "सराव केलास, तर पैसे देईन," असे माझी बहीण म्हणत होती. मी तिला थांबवले. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना "चित्र काढाल, तर प्रशस्तिपत्र देऊ" असे आधी सांगितले. काही दिवसांनी पाहिले, तर तीच मुले आपणहून चित्रे काढायला कमी बसत होती. आवडीच्या कामाची मजुरी झाली, की आवड आटते. त्यापेक्षा मुलाची वही पाहा. "आज 84 वर कसा गेलास?" एवढे विचारा. आणि आठवड्यातून एकदा खाली बसून ते वाजवणे शेवटपर्यंत ऐका. भाच्याचे बाबा दर रविवारी ऐकू लागले. एका रविवारी भिंतीपलीकडच्या आजोबांनीही दार उघडे ठेवायला सांगितले.

26 जानेवारीला मी मुद्दाम शाळेच्या मैदानावर गेलो. भाचा उभा राहिला. सलामी झाली. अवघड जागा स्वच्छ आली. शेवटचा लांब स्वर मात्र किंचित कापला. सरांच्या ते लक्षात आले असावे, माझ्याही आले. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मात्र आले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, परीक्षा नव्हती, कार्यक्रमही नव्हता. तरी सायंकाळी साडेपाचला बहिणीचा फोन आला. तिच्या बोलण्यामागून मला एकच लांब स्वर ऐकू येत होता. मी घड्याळ लावून पाहिले. तो पुरते अकरा सेकंद टिकला. वहीत त्याने किती लिहिले, ते मी अजून विचारलेले नाही.

तुमचे वाद्य सध्या कोठे आहे? खुंटीवर असेल, तर आज ते खाली काढा, एक दोरा आणि एक कुलूप शोधा, आणि पहिला आकडा वहीत लिहा.