चिचुंद्री : उंदीर नव्हे, पण अंतर बरे

पावसाळा लागला की वसमतमधल्या जुन्या वाड्यांत रात्री भिंतीच्या कडेने ‘चिकचिक’ करत काहीतरी पळते आणि मागे उग्र दर्प ठेवून जाते. घरचे लोक तिला उंदीर समजून विषाची गोळी टाकतात. ती असते चिचुंद्री.

चिचुंद्री उंदराच्या कुळातली नाही. तिचे तोंड लांबट व टोकदार, डोळे बारीक आणि नजर अधू असते. वास आणि स्पर्श यांवरच तिची सारी भिस्त. झुरळे, किडे, गोगलगायी हे तिचे मुख्य अन्न. उंदरासारखे जन्मभर वाढणारे पटाशीचे दात तिला नसतात. त्यामुळे पोती कुरतडल्याचा आळ बहुधा खोटाच. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींमुळे तिला दर्प येतो. सुमारे 30 दिवसांच्या गर्भकाळानंतर पिले होतात. ती एकमेकांच्या शेपटीजवळ तोंडाने धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात.

वैद्यकशास्त्रावर तिचे उपकारही आहेत. उंदराला उलटी होत नाही, चिचुंद्रीला होते. म्हणून कर्करोगावरील औषधांनी होणाऱ्या उलट्या थांबवण्याच्या संशोधनात तिचा उपयोग झाला.

तरीही तिला हाताळू नये. उंदरांप्रमाणेच तिच्याही अंगावर पिसवा आणि चिगर असतात. चिगर म्हणजे झाडाझुडपांत, गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किडीची अळी. संसर्ग झालेली अळी माणसाला चावली, तर ‘स्क्रब टायफस’ होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात याचे बरेच रुग्ण आढळले होते.

चावल्यानंतर साधारण दहा दिवसांनी थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. हा ताप मलेरिया किंवा डेंगीसारखाच वाटतो. काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी काळी, न दुखणारी खपली दिसली तर ती मोठी खूण. पण ती प्रत्येकाला असतेच असे नाही. रुग्ण लाजेने ती दाखवत नाहीत आणि तिथेच वेळ जातो. डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले की ताप लवकर उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते.

हळदीच्या किंवा उसाच्या रानातून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत. गवतावर थेट झोपू नये, कपडे वाळत घालू नयेत. घराभोवतीची झुडपे काढावीत, उष्टे-खरकटे झाकावे. मेलेली चिचुंद्री उघड्या हाताने उचलू नये. आणि पावसाळ्यात ताप आला, तर डॉक्टरांना शेतातल्या कामाची माहिती द्यावी आणि अंगावरची खपलीही दाखवावी.